गरम ब्रेकवर गाडी उभी करू नये

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! ही बढाई नाही, हा माझा धंदा आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या आणि 'आपोआप' फुटलेल्या काचा यांच्याकडे मी गेली अठरा वर्षं डोळे बारीक करून बघत आलोय. समोरचा माणूस 'खरं सांगतो साहेब' म्हणाला, की माझं पेन आपसूक 'नामंजूर'च्या रकान्याकडे वळतं. घरीही तेच. दूधवाल्याने न विचारता 'आज दूध चांगलं घट्ट आहे' असं म्हटलं, तर मी पुढचे तीन दिवस दुसरीकडून दूध आणतो.

अशा माणसाने दुसऱ्याने वापरलेली स्पोर्ट्स कार विकत घ्यावी, हे आश्चर्यच. पण घेतली! लाल, दोन सीटची, आणि जमिनीला इतकी चिकटलेली, की उतरताना आधी गुडघे बाहेर काढायचे आणि उरलेला देह मागून येईल अशी आशा धरायची. महिन्यातल्या एका रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर आमच्यासारख्या हौशी लोकांना आपापली गाडी पळवू देतात. त्याला ट्रॅक डे म्हणतात. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसतं गोल गोल फिरायचं आणि घरी यायचं. बायकोला हे कधीच समजलं नाही. पण तिने परवानगी दिली, एका अटीवर.

"या गाडीपायी मला एक फोन आला," ती म्हणाली, "ट्रॅकवरून, दवाखान्यातून, पोलिसांकडून, कुठूनही, एकच फोन! त्या दिवशी गाडी विकायची. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. आयुष्यात इतकं हलकं वाटणारं वचन मी दुसरं दिलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात ट्रॅकवर पाचव्या फेरीला ब्रेक तापून लोळागोळा झाले. पॅडल दाबतोय, दाबतोय, आणि गाडी मात्र निवांत पुढे! शेवटी वळणाबाहेरच्या खडीत जाऊन रुतलो. फोन काही गेला नाही, पण माझ्या साडूने सगळं बघितलं. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे ज्याच्याशी आपली तुलना सासरच्या प्रत्येक जेवणात पानात वाढली जाते. त्याच्याकडेही तसलीच गाडी आहे. आणि गंमत बघा, त्याने ही गोष्ट घरी कोणालाही सांगितली नाही! का नाही सांगितली? याच विचाराने मला आठवडाभर धड झोप लागली नाही.

तर, नवे ब्रेक पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून आवळून धरतात त्या वड्या, घ्यायचे ठरले. मी रीतसर चौकशी सुरू केली. पॅड तीन प्रकारचे असतात: रोजच्या रस्त्याचे, शर्यतीचे आणि या दोन्हींच्या मधले. पहिला साक्षीदार, गॅरेजवाले काका. हा माणूस दिवसभरात मोजून चाळीस शब्द बोलतो. त्यांनी गाडीखालून डोकं बाहेर न काढताच सांगितलं, "मधले घ्या साहेब. रस्त्यावर धरतात, ट्रॅकवर टिकतात."

दुसरा साक्षीदार, सुट्या भागांचा दुकानदार. मी मुद्दाम काकांचं नाव काढलं नाही. तो म्हणाला, "मधले न्या ना. रस्त्यावर धरतात, ट्रॅकवर टिकतात."

माझ्या कानावरचे केस उभे राहिले! तरी मी चेहरा कोरा ठेवला आणि बाहेर येऊन साडूला फोन लावला.

"मधले घ्या हो," साडू म्हणाला. "रस्त्यावर धरतात, ट्रॅकवर टिकतात!"

आमच्या धंद्यातला पहिला धडा सांगतो. आग लागली तेव्हा काय दिसलं, असं तीन साक्षीदारांना विचारा. एक म्हणेल काळा धूर, दुसरा म्हणेल पांढरा, तिसरा म्हणेल मी घरीच नव्हतो. हा दावा खरा! पण तिघंही शब्दाला शब्द तेच बोलले, तर समजायचं की तिघंही आदल्या दिवशी एकत्र बसले होते.

मी परत गॅरेजमध्ये गेलो. "काका, तुम्ही त्या दुकानदाराला ओळखता?"

"वीस वर्षं."

"आणि माझ्या साडूंना?"

"त्यांची गाडी माझ्याकडेच येते की."

झालं! साखळी पूर्ण झाली! मी ट्रॅकवर मागेच राहावं, असं साडूला वाटत होतं, दुकानदाराकडे मधल्या पॅडचा माल पडून होता, आणि काका दोघांचा दुवा होते. मी त्याच पावली दुकानात गेलो आणि छाती पुढे काढून म्हणालो, "शर्यतीचे द्या!"

दुकानदार चाचरला. "साहेब, ते तुमच्या कामाचे नाहीत. थंड असताना धरत नाहीत ते. शिवाय महाग आहेत."

महाग माल विकायला नको म्हणणारा दुकानदार! अहो, यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या कोर्टाला लागतो? मी पॅड घेतले, खोक्याचे चारही बाजूंनी फोटो काढले आणि विजयी मुद्रेने गॅरेज गाठलं.

काकांनी खोकं बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा खोक्याकडे. "हं," एवढंच म्हणाले आणि चाकं काढायला लागले. मी शेजारी स्टूल टाकून बसलो. खोक्यातला पॅड गाडीतच जातोय ना, जुनाच पुसून परत बसत नाही ना, हे बघायला नको? प्रत्येक पॅडवर छापलेला नंबर मी वहीत उतरवला. काकांनी एकदाही तक्रार केली नाही. तक्रार न करणारा माणूस मला नेहमीच खुपतो.

शेवटचं चाक बसवल्यावर काका हात पुसत म्हणाले, "आता अर्धा तास गाडी मी फिरवून आणतो. पॅड रुळवावे लागतात."

"कोण फिरवणार?"

"मी."

"माझी गाडी? अर्धा तास? एकटे?"

काकांनी पुन्हा "हं" केलं. मग खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीने लिहून दिलं. ऐंशीच्या वेगावरून वीसवर करकचून ब्रेक, दहा वेळा. मधे कुठेही पूर्ण थांबायचं नाही. मग वीस मिनिटं ब्रेकला शक्यतो पाय न लावता सावकाश फिरवायची आणि गार होऊ द्यायची.

"आणि साहेब," ते म्हणाले, "काही झालं तरी गरम ब्रेकवर गाडी उभी करू नका. पॅडचा थर डिस्कला चिकटतो. मग कायमचं थरथरत बसाल."

एवढं लांब वाक्य काकांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक डे होता, म्हणून शनिवारी सकाळीच मी गोदामांच्या भागात गेलो. तिथे चार मोठी गोदामं आहेत आणि त्यांना वळसा घालणारा चौकोनी रस्ता. एवढ्या सकाळी रहदारी नव्हती. गाडीच्या दारावर मी ट्रॅक डे भरवणाऱ्या क्लबने दिलेला स्टिकर आधीच चिकटवला होता, हौसेने! त्यावर माझा रक्तगट आणि 'अपघात झाल्यास कळवा' याच्यापुढे बायकोचा नंबर. क्लबचा नियमच आहे तसा.

पहिल्या दहा ब्रेकांचं काम झकास झालं. भुर्रकन ऐंशी, कच्चकन वीस! भुर्रकन ऐंशी, कच्चकन वीस! सातव्या वेळेला जळका वास यायला लागला आणि नवव्या वेळेला पुढच्या चाकांतून धूर. नव्या पॅडचा धूर निघतोच, ते काही विशेष नाही. पण लांबच्या रस्त्यावर एका गोदामाच्या फाटकात उभा असलेला रखवालदार मला सारखा दिसत होता. तो काहीतरी लिहून घेत होता! माझा नंबर! कशाला? कोणासाठी? साडूने इथेही माणूस पेरला की काय?

दहावा ब्रेक झाला आणि मी वीस मिनिटांची गार होण्याची फेरी सुरू केली. तेवढ्यात रखवालदार रस्त्यात आला आणि त्याने हात वर केला. मी वळसा घालून पुढे गेलो. पुढच्या फेरीला तो शिट्टी फुंकत होता. मी काच खाली केली.

"थांबा!" तो ओरडला. "चाकांतून धूर येतोय!"

"येऊ द्या!" मी म्हणालो. "ब्रेक उत्तम आहेत! अठरा मिनिटांनी थांबतो!"

आरशात बघितलं, तर रखवालदार कपाळाला हात लावून उभा होता. धूर निघणारी गाडी न थांबता फिरतेय आणि आतला माणूस हसतमुखाने ब्रेक उत्तम आहेत म्हणतोय. त्याने काढायचा तो निष्कर्ष काढला: गाडीचे ब्रेक गेले आणि चालकाचं डोकंही गेलं.

तिसऱ्या फेरीला फाटकात सहा माणसं जमली होती. चौथ्या फेरीला बारा. त्यातलं एक गोदाम गाद्यांचं होतं, हे मला पाचव्या फेरीला कळलं. कारण कामगारांनी रस्त्याच्या कडेला गाद्यांची भिंत रचायला घेतली होती! जाड, पांढऱ्या, प्लास्टिक चढवलेल्या कोऱ्या गाद्या! दहा-बारा जण दोन्ही हातांनी मला त्या दाखवत होते. "इकडे! इकडे घाला! बिनधास्त घाला!"

"गरज नाही, आभारी आहे!" मी ओरडून पुढे गेलो.

लोकांना ते आवडलं नाही. सहाव्या फेरीला गाद्यांची रांग दुप्पट झाली आणि हाका जरा रागाच्या झाल्या. घामाघूम होऊन एवढ्या गाद्या वाहिल्या आणि हा शहाणा त्यांना बगल देऊन जातोय! एक जण तर म्हणाला, "कशाला लाजता?"

तुम्ही म्हणाल, मग थांबायचं ना! अहो, पण गरम ब्रेकवर! पॅडचा थर डिस्कला चिकटला असता! मला थांबवायला एवढी माणसं का धडपडत होती? नेमकं आजच, नेमके माझे पॅड खराब करायला? चाळीसच्या वेगाने फिरता फिरता मी प्रत्येक चेहरा नीट बघून ठेवत होतो. पुढे ओळख परेड झाली तर उपयोगी पडली असती.

सातव्या फेरीला मोटरसायकलवरचा वाहतूक पोलीस आला आणि माझ्या दाराशेजारून चालवायला लागला. माणूस प्रेमळ होता, हे मान्य करतो.

"घाबरू नका! मी आहे!"

"मी घाबरलेलो नाही."

"गिअर उतरवा! हॅन्डब्रेक हळूहळू ओढा!"

"साहेब, गाडीला काहीही झालेलं नाही! पॅड रुळवतोय! अजून सहा मिनिटं!"

पोलिसाने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी 'आपोआप आग लागली' म्हणणाऱ्या दुकानदाराकडे बघतो. ती नजर आतून मला चांगलीच ओळखीची होती. बाहेरून पहिल्यांदाच बघितली. भयंकर असते हो!

"अजून सहा मिनिटं म्हणतोय," तो स्वतःशीच पुटपुटला. "पेट्रोल संपायची वाट बघतोय बिचारा." मग त्याची नजर दारावरच्या स्टिकरवर गेली. "घरी कळवतो हं! तुम्ही फक्त रस्त्याकडे बघा!"

"नको!" मी असा किंचाळलो, की गाद्यांवर चढलेले दोघं खाली पडले. "काहीही करा, तो फोन लावू नका!"

पण त्याने मोटरसायकल बाजूला घेतली होती आणि फोन कानाला लागला होता. कोपरा वळेपर्यंत माझा फोन वाजायला लागला. पडद्यावर बायकोचं नाव! गेली! माझी लाल गाडी गेली! विनोद नाही हा. त्या गाडीत बसलं की दोन तास तरी मी कोणावर संशय घेत नाही. वळण, ब्रेक, वळण. जगात मला तेवढी एकच शांत जागा होती.

एकच मार्ग उरला होता. ताबडतोब, सगळ्यांसमोर, पोलिसाच्या पायापाशी ऐटीत गाडी थांबवायची. 'बघा, ब्रेक ठणठणीत आहेत' असं त्यालाच फोनवर सांगायला लावायचं. फोन आला खरा, पण चुकून आला, असा दावा करता आला असता. पंधरा मिनिटं झाली होती. पॅड पुरेसे गार झाले असतील, असा मी हिशेब केला.

हिशेब अगदी बरोबर होता. पॅड गार झाले होते.

मी सफाईने ब्रेकवर पाय ठेवला. पॅडल लाकडासारखं कडक लागलं आणि गाडी आपली चाललीये! पोलिसाने उडी मारली. मी दोन्ही पाय लावले. चाकांनी वर्गातल्या फळ्यावर नख ओढावं तसा आवाज काढला, आणि शेवटी मी स्वतःच्या हाताने चाक वळवून, मघापासून ज्यांचे आभार मानत होतो त्या गाद्यांत घुसलो. भस्स! गाडीला ओरखडाही उठला नाही. वरून मात्र एकेक करत अकरा गाद्या टपावर येऊन पडल्या आणि आत गुडुप अंधार झाला. बाहेर टाळ्यांचा कडकडाट! लोकांना इतका आनंद मी आयुष्यात कधी दिला नव्हता.

मला उकरून बाहेर काढेपर्यंत बायको पोचली होती. साडूच्या गाडीतून! साडूने चाकांकडे वाकून बघितलं, वास घेतला आणि म्हणाला, "शर्यतीचे घेतले होय? मी म्हटलं होतं, मधले—"

"एक शब्द बोलू नका!" मी म्हणालो.

पोलिसाने वही काढली. रखवालदार, गाद्यांचा मुकादम आणि पोलीस, तिघंही एकसुरात सांगत होते, "ब्रेक गेले तरी माणूस डगमगला नाही! कोणाच्या अंगावर गाडी घातली नाही! धीराचा माणूस!" मी उभा राहून सगळं खरं सांगितलं. ब्रेक गेले नव्हते, मीच थांबत नव्हतो, पॅड रुळवत होतो, मग ते गार झाले. पोलिसाने सहानुभूतीने मान हलवली आणि लिहिलं: 'चालक धक्क्यामुळे असंबद्ध बोलत आहे.'

"तुम्ही तरी समजवा," तो बायकोला म्हणाला.

"मला पटतंय सगळं," बायको शांतपणे म्हणाली. "ब्रेक चांगले असताना हा माणूस अर्धं गाव जमेपर्यंत गोल गोल फिरला असणार. याच्याशी वीस वर्षं संसार केलाय मी. शंभर टक्के खरं आहे हे!" मग माझ्याकडे वळली. "फोन आला मला. गाडी विकायची."

वचन म्हणजे वचन. विकण्याआधी पॅड बदलायला मी काकांकडे गेलो. त्यांनी मधले बसवले. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण काका नुसतेच हात पुसत उभे राहिले. मी किल्ली पुढे केली. "काका, तुम्हीच रुळवून आणा." अर्धा तास फाटकात उभा होतो. घड्याळ बघितलं नाही असं म्हणणार नाही. तिसाव्या मिनिटाला गाडी परत आली, धुऊन पुसून! मला इतकं ओशाळल्यासारखं झालं, की काकांच्या नजरेला नजर देववेना.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. प्रत्येक जण विचारी, "गाडी का विकताय?" आणि मी प्रत्येकाला घडलं ते सगळं खरं सांगे. धूर, गाद्या, पोलीस, सगळं! पहिला गाडीच्या खाली शिरला आणि बाहेर येऊन निघून गेला. दुसऱ्याने 'विचार करून सांगतो' म्हणून नंबर दिला, तो चुकीचा होता. तिसऱ्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून नेलं. सात गिऱ्हाइकं गेली. गाडी आपली दारातच!

"तुम्ही मुद्दाम खरं सांगता!" बायको कडाडली.

संशय अगदी रास्त होता.

आठवा आला तो चष्मा लावलेला, मऊ आवाजाचा, साधा माणूस. मी त्याला गाद्यांसकट सगळी हकिगत सांगितली. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "घेतो मी."

"बॉनेट उघडून बघत नाही?"

"नको."

"एक चक्कर तरी मारा!"

"कशाला? तुम्ही सांगितलंत ना सगळं. तुमच्या तोंडाकडे बघून विश्वास बसला माझा."

अठरा वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. कोणी म्हणजे कोणीच नाही! किल्ली कधी त्याच्या हातात दिली, मला कळलंही नाही. गाडी कोपऱ्यावर गेली, व्यवस्थित थांबली आणि वळली.

त्याला आज आठ दिवस झाले. रोज सकाळी दाढी करताना मी आरशात माझं तोंड निरखून बघतो. समोरून बघतो, डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो. त्यात विश्वास ठेवण्यासारखं मला तरी काही सापडलेलं नाही. तो माणूस नक्की भामटा असणार!